बाहुलीच्या मिशा

बाहुलीच्या मिशा मी काढलेल्या नाहीत. त्या कापसामुळे आल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नंदनवन कॉलनीतल्या घरी पाहुणे आले की बायको हा किस्सा तिच्या पद्धतीने सांगते आणि माझी बाजू कोणीच मांडत नाही.

माझं इतवारी बाजारात दुकान आहे. तान्ह्या पोळ्याला पोरं जे लाकडी बैल मिरवतात, ते मी विकतो. सुरुवात फुटपाथवर गोणपाट अंथरून केली. रंगारी ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून बैलांचे डोळे मीच रंगवायचो. हजारो रंगवले. एकाही बैलाने तक्रार केली नाही.

मुलगी मुक्ता कळमेश्वरला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. वय तीस आणि छंद बाहुल्यांचा. खेळायच्या नाहीत, कपाटात मांडून ठेवायच्या. वर्षभर पैसे साठवून तिने परदेशातून एक मागवली. खोका उघडला तर नाक होतं, ओठांचा उंचवटा होता, बाकी सगळं कोरं!

"अर्धवट माल पाठवला त्यांनी. वापस कर," मी म्हणालो.

"बाबा, अशीच येते. चेहरा आपण रंगवून घ्यायचा, खऱ्या मुलीसारखा. पुण्याची एक ताई करून देते. पुढच्या रविवारी आमच्या ग्रुपचं प्रदर्शन आहे, त्याच्या आत झाला पाहिजे."

ताईचा भाव ऐकून माझं डोकं तापलं. मुक्ता आंघोळीला गेल्यावर मी तिच्याच फोनवरून पुण्याला फोन लावला. (मुलीचं भलं करायला परवानगी लागत नाही.)

"ताई, चेहरा लिंबाएवढा. त्याचे एवढे?"

"काका, बारीक काम आहे. नुसत्या डोळ्यांना दोन दिवस जातात."

"मग एक डोळा मिटलेला काढा. अर्ध्यात होईल."

फोन कट झाला. दहा मिनिटांत मुक्ताला निरोप आला, की हे काम घेता येणार नाही.

मुक्ता भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला कोणी हरवत नाही. पण ती रडली. "सगळ्यांच्या समोर कोरी बाहुली घेऊन बसू काय आता?" एवढंच म्हणाली आणि ड्युटीवर गेली.

मी बाहुली पिशवीत घातली आणि दुकानात नेली. आत्मविश्वास पूर्ण होता. बैलाचा ऑइल पेंट काढला, ब्रश काढला आणि हात सवयीने चालला. दोन्ही डोळे झकास उतरले: मोठे, काळेभोर, भोवती पांढरी कड. मग बाहुली लांब धरून पाहिली. ती कडबा मागत होती.

थिनरमध्ये कापूस बुडवून पुसायला घेतलं. डोळे गेले, पण चेहरा चिकट झाला आणि काळ्या रंगात भिजलेला कापूस वरच्या ओठावर बसला. नखाने खरवडला, तर दोन्ही बाजूंना पसरला. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली.

"हे कोण होय?"

"मुक्ताची बाहुली."

"अन् तिले मिशा काहून आल्या?"

"कापूस आहे तो. तू डबा ठेव अन् जा वं."

"मी चालली. संध्याकाळी पोरीले तोंड तुम्हीच दाखवा."

मी हार मानणारा माणूस नाही. पॉलिश पेपरने घासून चेहरा पुन्हा कोरा केला. मग नीट विचार केला: खरा चेहरा काढायचा तर समोर खरा चेहरा पाहिजे. दुकानात तो एकच होता, भिंतीवरच्या आरशात. नाक-डोळे काय, सगळ्यांचे सारखेच. आरशात बघून सुरुवात केली आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं.

"भाऊ, हा बैल कितीले?"

मी सांगितलं.

"मागच्या साली एवढ्यात दोन येत होते."

"मग मागच्या सालीच घ्यायचे होते."

"चाक हलून राहिलं न गा याचं."

"चाक आहे ते. हलणारच."

"शेपूट आखूड वाटते."

एक तास हे चाललं. मी आरशात बघत होतो, तोंडाने भाव धरून होतो आणि हाताने ब्रश चालवत होतो. शेवटी तो माणूस बैल न घेताच गेला. बाहुलीचा चेहरा मात्र पूर्ण झाला होता आणि एकदम जिवंत.

संध्याकाळी मुक्ताने बाहुली हातात घेतली. दिव्याखाली धरली.

"बाबा, हे तर तुम्ही आहात."

खाली झालरीचा गुलाबी फ्रॉक, वर सोनेरी कुरळे केस आणि मधे मी. भुवया जुळलेल्या, कपाळावर तीन आठ्या, खालचा ओठ पुढे आलेला.

"खऱ्यासारखा पाहिजे होता न तुले?" मी म्हणालो. तिने पुन्हा बाहुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसत हसत खालीच बसली. तशीच ती बाहुली तिने रविवारी प्रदर्शनात नेली. लोकांनी रांग लावून फोटो काढले. एक लहान मूल रडलं, पण ते भुकेने रडलं असं माझं मत आहे.

आता बाहुली कळमेश्वरला कारखान्यात मुक्ताच्या टेबलावर असते. माल विकणारे येतात, समोर बसतात, तिच्याकडे एकदा बघतात आणि आपणहून भाव उतरवतात. चाळीस वर्षं घसा फोडून मी इतवारीत जी घासाघीस करतो, ती ही फ्रॉकमधली कार्टी तोंड न उघडता करते.