ओच्यातली मोहाची फुले

करुणामय प्रभूला वंदन करून उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ही आठवण लिहितो. अंगणात मोह दरवळला आणि मुरबाडजवळच्या पाड्यावरचे आमचे प्रार्थनामंदिर डोळ्यांपुढे आले. अशाच शुक्रवारी प्रभुभोजनाच्या वेळी, प्रभूच्या स्मरणार्थ भाकर वाटली जात असताना, एका विधवेच्या ओच्यातून मोहाची फुले सांडली. “दारू गाळतेस नि प्रभूच्या मेजाशी बसतेस गो?” मंडळीतले एक वडीलधारे कडाडले. “दारू नाय दादा. घरात दाना नाय, पोरांना उकडून घालते,” ती म्हणाली. कोणी तरी हसले. मी तिची बाजू मांडली, तरी भाकर तिला ओलांडून पुढे गेली. ती फुले वेचून उठली, ती पुन्हा कधीच आली नाही. ती जागा आजही मला रिकामीच दिसते. वाचकहो, प्रभू तुमच्या घरादाराला भाकर देवो, आणि शेजारच्याची भूक ओळखणारी दृष्टीही.