कोरा गाल

दुपारच्या प्रयोगाआधी नायिकाबाईंनी आरशात पाहिलं. एका गालावर गुलाबी छटा, भुवई रेखीव, पापणीला काजळ. दुसरी बाजू कोरी करकरीत. रंगभूषा करणारे मामा ब्रश पुसत समाधानाने म्हणाले, "झालं. दृष्ट लागेल."

याच खोलीत मामांनी तीस वर्षं राजे घडवले आणि तेच हात फिरवून भिकारी केले. कंपनीतल्या मंडळींनी थट्टा केली, मामांनी आज सकाळीच घेतलेली दिसतेय. मामाही हसले. पंधरा दिवस डोकं ठणकत होतं, अंगात कणकण होती, आणि सगळं कसं पाण्याखालून पाहिल्यासारखं मऊ झालं होतं. आरशाभोवतीचे दिवे वितळत. शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरत. डाव्या बाजूला काही आहे, हेच ते विसरत चालले होते.

बाई हसल्या नाहीत. प्रयोग दुसरीवर सोपवून त्यांनी मामांना थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. उजवा राहिला, डावा पडद्यासारखा हळूच खाली आला. आधीचा काही आजार, काही औषधं, असं त्यांनी विचारलं. मामांनी चोरून नायिकाबाईंकडे पाहिलं. गोळ्यांची डबी रंगांच्या पेटीत कुणाला दिसेल, या धास्तीने त्यांनी वर्षापूर्वी गोळ्याच सोडल्या होत्या. हे कळलं तर या हातांखाली चेहरा कोण देईल?

नायिकाबाई बाहेर जायला उठू लागल्या. मामांनी त्यांना थांबवलं. "बसा. आधी तुम्हालाच कळायला हवं. मला एचआयव्ही आहे."

बाई पुन्हा बसल्या. "तीस वर्षं माझा चेहरा तुमच्या हवाली आहे, मामा. आज काय परत मागू?"

तपासणीच्या फोटोत मेंदूत अंगठीसारखे डाग निघाले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी कित्येकांच्या अंगात निमूट झोपलेला असतो. एचआयव्हीच्या गोळ्या सुटल्या, पहारा ढिला पडला, म्हणून तो जागा झाला. वेळेवर कळलं, औषध आहे. मग त्या गोळ्याही पुन्हा, आणि आता कायमच्या.

सहा आठवड्यांनी मामा रंगभूषेच्या खोलीत परतले. बाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मामांनी त्या दिवशी राहिलेल्या गालापासून सुरुवात केली. भुवई जराशी वाकडी आली. ती पुसायला मामा कापूस शोधू लागले, तोवर बाई उठून रंगमंचाकडे निघाल्याही होत्या.