आईचं आसन

दवाखान्यात माझ्या शेजारच्या आजींनी पिशवीतून एक आसन काढलं, खुर्चीवर अंथरलं आणि मगच त्या बसल्या.

माझी आईही कुठे गेली की स्वतःचं आसन न्यायची. हळदीकुंकवाला, लग्नाला, लेकीच्या घरीसुद्धा. माझ्या नव्या सोफ्यावर तिने ते टाकलं, तेव्हा मी चिडून म्हणाले होते, "किती गं तुझं सोवळं! माझ्या घराचाही विटाळ होतो का?" ती नुसती हसली. पुन्हा माझ्याकडे राहायला आली नाही.

ती गेल्यावर कपाटात पाच आसनं सापडली. प्रत्येकाच्या आत तान्ह्या बाळाखाली घालतात ते मेणकापड, बारीक टाक्यांनी शिवलेलं.

आता तेच दुखणं मला आहे. लघवी थांबत नाही हे सांगायला मला दोन वर्षं लागली. मघाशी डॉक्टरीणबाई किती सहज म्हणाल्या, "छोटं ऑपरेशन आहे. बारीक छेद घेऊन आतून पट्टीचा आधार द्यायचा. बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी."

आजी उठल्या. मी हळूच म्हटलं, "आजी, आत सगळं सांगा हं. लाजू नका."

"मी सुनेबरोबर आलेय," त्या म्हणाल्या. "मला काय धाड भरलीय?"

आणि आसनाची घडी त्यांनी पिशवीच्या तळाशी घातली.