कचरा नावाचा ड्राइव्ह

शंकाकाकू बाहेर निघताना कुलूप लावून फाटकापर्यंत जायच्या, परत येऊन ते ओढून बघायच्या, मग मला ओढायला लावायच्या आणि शेवटी पुन्हा स्वतः ओढायच्या. कारण आता त्याला माझा हात लागलेला असे. नाव अर्थात मी ठेवलेलं, मनातल्या मनात. भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायला मी नाशिकहून आलो, तेव्हा त्यांच्याकडे वरची खोली घेतली होती.

दूधवाल्यापासून हवामानाच्या बातम्यांपर्यंत त्यांचा कुणावर भरवसा नव्हता. पोहे छान झालेत म्हटलं, तर "काय काम आहे?" विचारायच्या. "देख भिया, विश्वास जरूर ठेवावा, पण ताला लावून," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

दुपारी मात्र त्या कंप्यूटरसमोर बसून नानांची गाणी ऐकायच्या. नाना म्हणजे त्यांचे यजमान. रेल्वेतून निवृत्त झाले आणि पुढे लवकरच गेले. घरी हौसेनं गाऊन रेकॉर्ड केलेली ती पदं. "बघ, इथे पण घसरले," असं म्हणून काकू तीच जागा पुन्हा लावायच्या.

कंप्यूटर भरला, म्हणून मी उत्साहानं दुसरी हार्ड डिस्क बसवली. कंप्यूटरमधलं मला जेवढं कमी कळायचं, तेवढा आत्मविश्वास जास्त. झालं, ड्राइव्हची अक्षरं सरकली, डीचा ई झाला, ईचा एफ, आणि गाणी उघडेनात. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू नाना मीच खिशात घालून नेतोय.

"काकू, घरं तीच आहेत, नुसत्या पाट्या बदलल्यात," मी समजावलं.

"आणि पाट्या बदलल्या कुणी?"

अक्षरं जागेवर आणली. तिथेच उठायला हवं होतं. पण गणिताच्या माणसाला पसारा बघवत नाही. एका ड्राइव्हचं नाव 'महत्त्वाचे', दुसऱ्याचं 'कचरा'. मी आत न डोकावता 'कचरा' फॉरमॅट करून साफ पुसून टाकला आणि चहा घेऊन आलेल्या काकूंना ते अभिमानानं सांगितलंही.

त्यांनी कप खाली ठेवला. "नाना त्यातच होते."

मी घाईघाईनं 'महत्त्वाचे' उघडू लागलो.

"चोर आधी कुठे बघेल? 'महत्त्वाचे'त. तिथे जाऊबाईंच्या नातवाच्या मुंजीचे फोटो ठेवलेत. गेले तर गेले."

मी काय काय पुटपुटत राहिलो ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावण मसाल्याच्या डब्याच्या तळातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढून आणला. "तू डिस्क बसवतो म्हणालास ना, तेव्हाच शेजारणीकडून कॉपी करून घेतली."

आपल्यावर कुणी भरवसा ठेवला नाही याचा इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि काकू लेकीकडे जबलपूरला निघाल्या. रिक्षात बसताना त्यांनी तो जीरावणाचा डबा माझ्या हातात दिला. "एक कॉपी तुझ्याकडे राहू दे. बाकीच्या कुठे आहेत, विचारायचं नाही."

रिक्षा वळली. मी त्यांच्या दाराचं कुलूप ओढून पाहिलं. जिन्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा ओढलं. त्याला माझाच हात लागला होता ना.