पाणी पिकवणारे साडू

पाण्याची इतकी बडदास्त ठेवणारा दुसरा माणूस आमच्या अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात निघायचा नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. आमचे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, भूमला राहतात. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात आणि उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकून माणसं ताटावरून उठतात. अशा ठिकाणी या गृहस्थांनी बैठकीच्या खोलीतला टीव्ही हलवून तिथं तीन फुटांची काचेची टाकी मांडली आणि तीत गोल्डफिश पाळले. घराण्यात कुणी मासळी चाखलेली नाही. स्वतः साडूंना पोहता येत नाही. विहीर बघायला गेले तरी ती लांबून बघतात.

जन्मभर त्यांनी शाळेत पीटी शिकवली. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच ते पुण्याला लेकीकडे निवांत राहायला गेले. जावयाच्या घरात माशांची टाकी होती. लेकीनं त्यांना शहर दाखवायची फार खटपट केली, पण हे खुर्ची ओढून त्या टाकीसमोर बसले ते परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत हलले नाहीत. भूमला आल्यावर मी विचारलं, "अण्णा, पुणं कसं वाटलं?" तर म्हणाले, "लई शांत गाव हाय."

मग टाकी आली. बार्शीहून आणली, तीही एसटीनं. खिडकीची सीट टाकीला दिली आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. एका बाईला ते बघवेना. "म्हातारा मानूस हुबा आन् काच बसलीय व्हय?" असं ती म्हणाली, तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "मावशी, मी पडलो तर उठीन. ही पडली तर?" त्यावर कंडक्टरनं खड्डा आला की ड्रायव्हरला ओरडून सांगायला सुरुवात केली.

पहिल्या खेपेला मात्र घात झाला. साडूंनी हौसेनं नळाचं ताजं पाणी टाकीत ओतलं आणि त्याच दिवशी मासे सोडले. पाण्यात जंतू मारायचं औषध होतं. सकाळपर्यंत एकही मासा जिवंत उरला नाही. साडूंनी ते रुमालात घेऊन परसात पुरले आणि दिवसभर जेवले नाहीत. मी फोन केला तर एवढंच म्हणाले, "पाव्हणं, आपल्या भरवशावर आले होते वो ते."

शेवटी जावयानं फोनवरून समजावलं, की मामा, पाणी दिवसभर उघडं ठेवायचं म्हणजे औषध उडून जातं. मग टाकी भरून फिल्टर सुरू करायचा आणि काही आठवडे तसाच चालू ठेवायचा. त्या स्पंजात घाण खाणारे चांगले जंतू वाढले पाहिजेत. टाकी पिकू द्या, मग मासे आणा. झालं! 'पिकू द्या' हा शब्द साडूंनी धरून ठेवला. ते रोज सकाळ-संध्याकाळ त्या रिकाम्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. आत मासा नाही, काही नाही, नुसते बुडबुडे. शेजारीपाजारी दारातून डोकावत. "सर, काय बगताय?" "पाणी पिकतंय," साडू सांगत. विचारणारा दोन पावलं मागं सरके. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, माझ्या बायकोला फोनवर हळू आवाजात सांगायची, "लेक सासरी गेली तवापासनं ह्यांचं चित्तच लागंना बग. आदी भिंतीकडं बगत बसायचे, आता पान्याकडं बगत्यात. घरात दोन मानसं, पर बोलायचं कुणासंगं?"

पाणी पिकलं आणि नवे चार गोल्डफिश आले. त्यांच्यासोबत शाळेचं सगळं वेळापत्रकही परत आलं. माशांना खाणं घालताना साडू शिट्टी वाजवायचे. काही दिवसांनी शिट्टी वाजताच चौघे एका कोपऱ्यात गोळा होऊ लागले, तेव्हा साडूंचे डोळे भरून आले. "पोरं कदी इतकी वेळंवर रांगंत आली न्हायती." दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच दिवसभर उघडं ठेवलेलं पाणी घालायचं, काढलेलं पाणी कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. नाहीतर पिकलेलं सगळं वाहून जातं. पाहुण्यांनी काही खायला घालायचं नाही. माझ्या बायकोनं एकदा मायेनं शेवेचा चुरा टाकला, तर साडूंनी तिला थेट खोलीबाहेर काढलं आणि स्वतः जाळी घेऊन कण न् कण वेचत बसले. उन्हाळ्यात ते अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत. आक्का चिडायची, "मानसानं कोरडं ऱ्हायचं आन् माश्यांनी डुंबायचं, ह्यो कुठला न्याय!" साडू म्हणत, "मला टँकरपातुर चालत जाता येतंय. त्यांना येतंय का?"

गेल्या मे महिन्यात आम्ही आमरसाच्या जेवणाला गेलो होतो. दुपारी एकाएकी वारा सुटला, पाऊस थेंबभर नाही, पण वाऱ्यानं वीज गेली. पंखे थांबले, तसा टाकीतला बुडबुड्यांचा पंपही थांबला. पाणी उन्हानं आधीच कोमट होतं. थोड्या वेळात चारही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. साडूंनी ताट सारलं, तांब्या घेतला आणि टाकीतलं पाणी उंचावरून परत टाकीत ओतायला लागले, म्हणजे त्यात हवा मिसळेल. त्यांचा हात भरून आला तेव्हा तांब्या मी घेतला. मग शेजारचे आले, मग 'पाणी पिकतंय' वर हसणारे समोरचे दुकानदारही बाह्या सारून उभे राहिले. तरी पांढरा मासा एका कुशीवर कलंडलाच. साडूंचं तोंड उतरलं. त्यांनी काचेवर हात ठेवला.

आक्का दारात उभी होती. ती आत गेली आणि पिण्याच्या रांजणातून कळशी भरून घेऊन आली. टँकरचा अजून पत्ता नव्हता. घरात प्यायला रांजणात होतं तेवढंच पाणी होतं. "परवा भरलंय, औषद उडून गेलंय त्यातलं," ती म्हणाली. "एकदम वतू नका, थंड हाय. बारीक धार धरा." साडू तिच्याकडे बघत राहिले. तीच ओरडली, "बगताय काय? धरा की!" दोघं टाकीच्या दोन बाजूंनी उभी राहिली. ते ओतायचे थांबले की ती, ती थांबली की ते. कळशी संपली, दुसरी आली. दिवस कलता कलता पांढरा मासा हळूच सरळ झाला, शेपटी हलवून खाली गेला, आणि आक्का पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. काही वेळानं वीज आली. पंप सुरू होताच त्या खोलीत जी टाळी पडली, तशी मी गावच्या कुस्त्यांतही ऐकलेली नाही.

सगळे पांगल्यावर आम्ही चौघं खाली बसून तसाच राहिलेला आमरस खात होतो. सहज मी विचारलं, "अण्णा, हे मासे जगतात किती?"

"नीट संबाळलं तर धा-पंदरा वर्सं," साडू म्हणाले.

मग ते मनाशी काहीतरी मोजत असावेत. वाटीतला चमचा तसाच राहिला.

"म्हंजी आमाला बी तवर ऱ्हावं लागंल," ते हळूच म्हणाले.

आक्कानं त्यांच्या वाटीत अजून एक पळी रस वाढला. "ऱ्हाऊ की," ती म्हणाली. "कुठं जायाचंय आपल्याला?"