प्रवेश बंदच्या पाटीवर मामांचा वाढदिवस

लातूरला कॉलेजला आलो तेव्हा बाबांनी त्यांची जुनी मोटारसायकल मला दिली. गाडी त्यांच्याच नावावर, म्हणून चलानचा मेसेजही गावी, चाकूरला, त्यांच्याच फोनवर गेला: 'प्रवेश बंद' असलेल्या रस्त्यात गाडी घातली. बाबा शाळेच्या लेकरांची व्हॅन चालवतात. आजवर त्यांच्या नावावर एकही चलान नव्हतं. "व्हॅनच्या मालकानं इचारलं तर काय सांगू?" एवढंच ते फोनवर म्हणाले.

मी त्या कोपऱ्यावर जाऊन नीट पाहिलं. पाटी होती, पण तिच्यावर आमच्या मेसवाल्या मामांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. मी गावाकडं होतो तेव्हा मेसच्या पोरांनी तो लावला होता. मी फोटो काढला. तक्रार लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि बाबांना लातूरला बोलावून त्यांच्यासोबत वाहतूक शाखेत गेलो.

साहेबांनी फोटो मोठा करून बघितला. मामांचा गॉगल, गळ्यातला हार. मग खाली शुभेच्छुकांच्या ओळीत त्यांचं बोट थांबलं.

"हे कोण?"

फ्लेक्सवर सगळ्यांचेच फोटो टाकायची आमच्याकडं पद्धत, त्यामुळं त्यात काही विशेष आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"मीच, सर. पण... मला न विचारता टाकलाय."

"म्हंजे पाटी झाकणारे तुम्ही, अन् आत घुसणारेबी तुम्हीच!" शेजारच्या टेबलावरचे हसले. साहेब बाबांकडं वळले. "पोरगं तुमचंच का, काका?"

बाबांनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "हाव साहेब. फोटो बरा आलाय की."

आता साहेबही हसले. पाटी दिसत नव्हती, हे त्यांनी मान्य केलं. "पण फ्लेक्स आजच उतरवा. मोकळ्या पाटीचा फोटो पाठवा, मग चलान रद्द करतो."

मेसवर मामा कुरकुरले, "राहू द्या की अजून दोन दिवस. लई झकास दिसायलाय."

"पाव्हणं," बाबा म्हणाले, "तुमचा वाढदिवस पुढल्या सालीबी येईल. माझं नाव एकदा खराब झालं की झालं."

मग मामा स्वतःच स्टूल घेऊन आमच्यासोबत निघाले.

मोकळ्या पाटीचा फोटो पाठवला, आणि संध्याकाळी माझ्या फोनवर मेसेज आला. मी वाचून दाखवला: चलान रद्द.

"अजून एकदा वाच," म्हणत बाबांनी व्हॅनच्या मालकाला फोन लावला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आता मोठ्यानं."