जिव्याचा डोंगरी मुठा

दिघाशीच्या वरच्या पाड्यावरचा जिव्या वारली बिळाच्या तोंडाची माती बघून सांगायचा, आत नर हाय का मादी. मुठा म्हंजे आमच्याकडचा गोड्या पाण्यातला खेकडा. शहरात त्याला खेकडाच म्हणतात, म्हणोत बापडे.

२००७च्या श्रावणात मुठ्यांच्या जाती अभ्यासायला ठाण्याहून मृणाली आली. मुक्काम केसरीनाथ पाटलाकडं, वाट दाखवायला जिव्या. पंधरा दिवसांत तिनं वही भरली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "जिव्यादादा, शेतातला तांबूस आणि डोंगरातला जांभळा, जात एकच. रंग काय, मातीनं बदलतो."

जिव्याला झोंबलं. "दोन हायेत."

केसरीनाथ झोपाळ्यावरून हसला. "अरं, कालवनात पडला का सगला सारखाच!"

"तुला शेतातलाच मिलतो शेठ, तुला काय म्हाईत?"

मृणाली म्हणाली, "दोन म्हणायला अंगात कायमचा फरक पाहिजे. आणि त्यांचं आपसात जुळत नसावं."

"न्हायच जुलत. ओहोलाच्या तोंडाला दोगं भेटतात, पन जांभला नर तांबड्या मादीकडं वलून बघत न्हाय. आनि नराच्या पोटाची झडप उघड, बाय. खाली दोन काटे असतात. शेतातल्याचे भायेर वाकडे, डोंगरातल्याचे सरल. हजारभर साफ केलेत मी."

मृणालीनं आपल्या बाटल्या पुन्हा चाळल्या. मुठ्याची जात ठरवताना शास्त्रज्ञ नेमके तेच काटे बघतात, आणि तिच्या बाटल्यांत डोंगरातल्या माद्या नि पिल्लंच होती.

"मग मला मोठा नर आणून द्या. परवा मी निघणार. नाही मिळाला तर एकच जात लिहीन."

"म्हंजे आमचा मुठा कागदावरनं गेलाच."

दुसऱ्या दिवशी जिव्यानं सात नर आणले. मृणालीनं भिंगाखाली धरले, काटे सरळ. पण लगेच तिनं कपाळावर हात मारला. "यांच्या नांग्या कुठायत?"

एकालाही नांगी नव्हती. आमच्याकडं मुठा बिळातून काढला की आधी नांग्या मोडायच्या, म्हणजे टोपलीत एकमेकांना फाडत नाहीत. हात आपसूक चालतो.

"दादा, नव्या जातीचा एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवतात. पुढं कुणाला शंका आली तर त्याच्याशीच ताडून बघतात. तो असा लुळा कसा ठेवू?"

घरी बायको सुवर्णानं हात जोडले. "नवरा हाय का अडकित्ता!" आणि सातही मुठे चुलीवर चढवले.

तिसऱ्या दिवशी मृणालीची पिशवी भरून झाली होती. दुपारी जिव्या डोंगरावरून उतरला तो उजवा हात छातीशी धरून. अंगठ्याला हा एवढा जांभळा नर लटकलेला. बिळात खांद्यापर्यंत हात घातला, त्यानं धरलं, यानं ओढलं नाही. तासभर तसाच चालत आला. अंगठा निळा पडलेला.

"सावकाश काढ, बाय. त्याची नांगी सांभाल, माज्या अंगठ्याचं र्‍हाऊ दे."

मृणालीनं अर्धी घटका खपून नर अख्खा सोडवला, झडप उघडून काटे बघितले, नांग्यांची मापं घेतली. मग वहीतलं 'एक' खोडलं आणि 'दोन' लिहिलं.

जिव्याला वाचता येत नव्हतं. अंगठा तांब्यातल्या पाण्यात बुडवून तो म्हणाला, "वाच. जरा मोठ्यानं वाच, शेठला ऐकू जाईल असं."